चोर, करबुडवे आणि भीमेची वाळू

१८६० साली कलकत्त्याच्या सरकारने तीन महिन्यांच्या आत दोन कायदे केले. जुलैमध्ये प्राप्तिकराचा, ऑक्टोबरमध्ये दंडसंहितेचा. पहिला सरकारचे अर्थखाते सांभाळणाऱ्या जेम्स विल्सनने आणला. १८५७ च्या धामधुमीत रिकामी झालेली तिजोरी त्याला भरायची होती. दुसऱ्याचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच लिहून ठेवला होता, तो इतकी वर्षे पडून होता. दंडसंहितेच्या ५११ कलमांत चोरीला स्वतंत्र प्रकरण मिळाले. दुधात पाणी घालणाऱ्यापासून खोटे वजन वापरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची सोय त्यात होती. करबुडव्याची नव्हती. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली, त्यातही ती नाही.

तेव्हापासून चोरीचा कायदा पोलीस ठाण्यात वाढला आणि कराचा कायदा कर कार्यालयात. दोघांची भाषा वेगळी, माणसे वेगळी, वकीलसुद्धा वेगळे. एकाकडे फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल. दुसऱ्याकडे नोटीस, खुलासा, सुनावणी. सोलापुरात बसून या दोन वाटांचा आढावा घ्यावासा वाटतो याला कारण आहे. चोरीच्या नावाखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवण्याचा मोठा प्रयोग याच शहरात झाला. चादरी-टॉवेलांच्या निमित्ताने करांचे सगळे प्रयोग इथे झाले. आणि जिल्ह्याच्या भीमा-सीना खोऱ्यात वाळूचा जो धंदा चालतो, त्यात चोरी कुठे संपते आणि महसूल बुडवणे कुठे सुरू होते, हे सर्वोच्च न्यायालयालाही पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे.

आधी चोरी. कायद्यातली चोरी आपल्या बोलण्यातल्या चोरीपेक्षा अरुंद आहे. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, हेतू लबाडीचा हवा आणि वस्तू जागची हलली पाहिजे. पाचही गोष्टी जुळल्या तर चोरी. यात मालकीचे नाव नाही. कायदा ताबा पाहतो. त्यामुळे स्वतःच्याच वस्तूची चोरी करता येते. संहितेतले जुने उदाहरण घड्याळाचे आहे: दुरुस्तीचे पैसे न देता घड्याळजीकडून आपलेच घड्याळ जबरीने किंवा लपवून नेले, तर नेणारा चोर. सोलापुरी भाषेत सांगायचे तर सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याची मजुरी थकवून आपलेच ताण्याचे बीम रात्री त्याच्या आवारातून उचलून आणणारा कारखानदार याच ओळीत बसतो. उलट रस्त्यावर पडलेली अंगठी उचलली तर चोरी नाही, कारण ती कोणाच्याच ताब्यात नव्हती. तिचा मालक कळण्यासारखा असूनही ती पचवली तर तो अपहार, आणि त्याला नव्या संहितेत किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे.

वस्तू कायमची न्यावी लागते असेही नाही. प्यारेलाल भार्गव नावाच्या सरकारी कर्मचाऱ्याने कचेरीतली फाईल दुसऱ्याला देण्यापुरती बाहेर नेली आणि परत आणून ठेवली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही चोरी ठरवली. झाड जमिनीत आहे तोवर स्थावर. तोडले की जंगम, आणि लबाडीने तोडले तर तोडताक्षणी चोरी पूर्ण. हे वाक्य पुढे वाळूच्या वेळी लागणार आहे. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात कोणी वारकऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामाच निघाला, तरी तो सुटत नाही. जुन्या दंडसंहितेच्या शेवटच्या कलमाखाली हेच उदाहरण छापलेले होते, नव्या संहितेतही ते तसेच आले आहे: चोरीचा प्रयत्न हाच गुन्हा.

शिक्षेची शिडी अशी. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. घरातून, वाहनातून किंवा देवळातली मूर्ती चोरली तर सात वर्षांपर्यंत. सरकारची किंवा महापालिकेची मालमत्ता असेल तरी सात. नोकराने मालकाकडचे चोरले तरी सात. मारण्याची तयारी ठेवून चोरी केली तर दहा. वर्तमानपत्रे ज्याला ‘धूम स्टाइल’ म्हणतात त्या मंगळसूत्र हिसकावण्याला आता स्वतःचे कलम मिळाले आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा चोरीत दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, वर पाच वर्षांपर्यंत.

नव्या संहितेतला खरा बदल मात्र शिडीच्या तळाशी आहे. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. समाजसेवा म्हणजे काय, हे फौजदारी प्रक्रियेची नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते: समाजाच्या उपयोगाचे, बिनमोबदल्याचे काम. ही तरतूद मला आवडते. देशाच्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक अजून दोषी ठरलेले नाहीत, खटला चालायची वाट पाहताहेत. अशा देशात सायकलचोराला झाडू देणे शहाणपणाचे आहे. एक खोच मात्र आहे. असा गुन्हा अदखलपात्र झाला, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तपास करू शकत नाहीत. ज्याचा साडेचार हजारांचा मोबाइल गेला त्या हमालाला ठाण्यात काय ऐकावे लागेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

इथपर्यंत कायदा कृत्याकडे बघतो. सोलापूरचा इतिहास सांगतो की तो नेहमीच तसे बघत नव्हता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. मग ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांतल्या मोठ्या वसाहतींपैकी. अमेरिकन मराठी मिशनचाही तिच्या कारभारात हात होता. शहरात गिरण्या होत्या, गिरण्यांना मजूर हवे होते, आणि कुंपणाआडची माणसे सकाळी भोंग्यावर जाऊन संध्याकाळी हजेरीला परत येणार, ही मांडणी सरकारला आणि गिरण्यांना दोघांनाही सोयीची होती. कैकाडी, पारधी, भामटा, टकारी अशा कितीतरी जमाती या कायद्याच्या यादीत होत्या. ‘सेटलमेंट’ हे नाव अजून शहराच्या पत्त्यांत आहे. सेटलमेंट फ्री कॉलनी म्हटले की रिक्षावाला विचारीत नाही.

त्या कायद्याची चोरीची शिक्षा वाचण्यासारखी आहे. इतरांना साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे. नोंदलेल्या जमातीचा माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा काळे पाणी. चोरी करण्याच्या बेतात असावा अशा परिस्थितीत नुसता सापडला, तरी तीन वर्षे. खिशात हात घालण्याची गरज नव्हती, खिशाजवळ उभे राहणे पुरे होते. चोरीच्या पाच अटींपैकी एकही पूर्ण न होता शिक्षा होत होती. सहावी अट, जन्माची, पूर्ण असली की झाले. मनुस्मृतीत चोरीचा दंड वर्णाप्रमाणे चढत जातो, शूद्राला आठपट तर ब्राह्मणाला चौसष्टपट, कारण जाणत्याचा गुन्हा मोठा. मनूच्या नावाने कितीही बोटे मोडली तरी निदान चोरीच्या बाबतीत त्याने चढ वरच्या दिशेला ठेवला होता, ही गोष्ट नमूद करायला हवी.

मुंबई सरकारने हा कायदा आधी मोडीत काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभर गेला. या कायद्याच्या यादीतून सुटलेले विमुक्त लोक तो दिवस पाळतात. जागा घेतली ती सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी, आणि ठाण्यातली जुनी सवय कागद बदलल्याने मोडली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके मराठी वाचकाने वाचलेली असतात, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही. ताजी गोष्ट एवढीच की ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग नियमावल्यांतल्या जातीच्या तरतुदी रद्द कराव्या लागल्या, आणि विमुक्त जमातींकडे जन्माने सराईत म्हणून बघणारी कलमेही त्यांत होती. बहात्तर वर्षांनंतर!

आता गुन्हेगार जमाती कायद्याच्याच काळातला करबुडवा पाहा. दुसऱ्या महायुद्धात काळ्या बाजारात अफाट पैसा झाला होता. तो शोधायला १९४७ मध्ये आयकर चौकशी आयोगाचा खास कायदा झाला. मोठ्या करबुडव्यांसाठी वेगळी, कडक कार्यपद्धती त्यात होती. १९५४ मध्ये सुरजमल मोहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली महत्त्वाची तरतूद रद्द केली. कारण असे की कर चुकवणाऱ्यांतल्या काहींनाच वेगळे काढून कडक वागवणे समानतेच्या हक्काला बाधक. निकालात चूक काढायची नाही. कायद्याच्या अंगाने तो बरोबरच आहे. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत सोलापुरात कुंपणाआड हजेरी देणाऱ्याला हा हक्क कुठल्या वकिलाने सांगितला असेल? आणि त्याच सुमारास, डिसेंबर १९५३ मध्ये, सोलापूरच्याच जुन्या गिरणीच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले होते की सरकारने १९५० च्या वटहुकुमाने गिरणीचा कारभार मोबदल्याशिवाय ताब्यात घेतला, तो भागधारकांच्या मालमत्तेच्या हक्काचा भंग होता. मालमत्तेच्या बाबतीत आपली न्यायालये पहिल्यापासून जागी होती.

कर चुकवणे चोरी का नाही, याला सरळ उत्तर आहे. न भरलेला कर सरकारच्या ताब्यात कधी आलेलाच नसतो. तो देणे असतो, कर्जासारखा. दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू हललेली नाही, तेव्हा चोरीच्या व्याख्येचे दारच बंद. शिवाय कर ही मोजणीची भानगड. खर्च धरायचा की नाही, माल कोणत्या दराखाली येतो, यावर प्रामाणिक माणसांतही वाद होतात. प्रत्येक वादाला तुरुंगाची भीती लावली तर विवरणपत्र भरायलाच कोणी धजणार नाही. सरकारलाही माणूस नको असतो, पैसा हवा असतो. म्हणून सगळीकडेच आधी व्याज, मग शास्ती, आणि अगदी शेवटी खटला. करबुडवा सुटतो तो श्रीमंत म्हणून, हे नेहमीचे म्हणणे मला अर्धेच पटते. उरलेला अर्धा भाग या कायद्याच्या स्वभावात आहे.

कागदावर तर कराचा फौजदारी कायदा चोरीपेक्षा कडक आहे. काळ्या पैशावरच्या वांछू समितीच्या १९७१ च्या अहवालानंतर, ज्या काळात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता, १९७५ च्या दुरुस्तीने ‘जाणूनबुजून कर चुकवण्याचा प्रयत्न’ हे कलम २७६ सी आणले. चुकवलेली रक्कम २५ लाखांच्या वर असेल तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे सक्तमजुरी. खाली असेल तर किमान तीन महिने, वर दोन वर्षे. साध्या चोरीत पहिल्या खेपेला किमान शिक्षा नाही, इथे होती. चोराचा हेतू सरकारी वकिलाने सिद्ध करायचा. १९८६ पासून प्राप्तिकरात उलटे, हेतू वाईट होता असेच न्यायालय गृहीत धरते आणि तो नव्हता हे आरोपीने निःसंशय दाखवायचे. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आणला गेला, त्याची लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कलमांखाली चालतात.

मग घडते काय? खटल्याला आयुक्तांची मंजुरी लागते. शास्तीवर अपील चालू असते. के. सी. बिल्डर्स प्रकरणात २००४ मध्ये ठरले की लपवाछपवीची शास्ती अपिलात रद्द झाली तर फौजदारी खटलाही टिकत नाही. आणि यातून निभावले नाही तर तडजोड आहे: ठरलेले शुल्क भरा, खटला मिटवा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ ऑक्टोबर २०२४ ला तडजोडीचे नियम आणखी सैल केले. विक्रीकराच्या जुन्या थकबाकीसाठी राज्य सरकार दर काही वर्षांनी ‘अभय योजना’ आणते. नाव ठेवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी. चोरीचा गुन्हाही ज्याचा माल गेला त्याच्या संमतीने मिटू शकतो, पण त्यासाठी तो माणूस राजी व्हावा लागतो. अभय मिळायला योजनेची तारीख गाठली की पुरते.

सोलापूरच्या चादरीला हा सगळा व्याप उशिरा भेटला. सुती कापडावर राज्याचा विक्रीकर नसावा, त्याऐवजी केंद्राने जादा उत्पादन शुल्क घेऊन राज्यांना वाटून द्यावे, अशी व्यवस्था १९५७ पासून होती. व्हॅट आल्यावरही राज्याच्या अर्थसंकल्पात वर्षानुवर्षे एक ओळ ठरलेली असे: तांदूळ, गहू, डाळी, हळद, मिरची, गूळ, पापड यांच्याबरोबर सोलापुरी चादर आणि टॉवेल यांची करमाफी पुढे चालू. पापडाच्या पंगतीत बसलेली ही चादर १ जुलै २०१७ ला जीएसटीत आली, हजार रुपयांपर्यंतच्या नगाला पाच टक्क्यांनी. चार-आठ मागांच्या कारखानदाराला त्या दिवसापासून सूतवाल्याचे पक्के बिल, त्याचे विवरणपत्र आणि खरेदीवर भरलेल्या कराचे आपले क्रेडिट हे सगळे सांभाळावे लागले.

जीएसटीत तुरुंगाची पायरी बरीच वर आहे. पाच कोटींच्या वर चुकवले तर पाच वर्षांपर्यंत कैद, दोन ते पाच कोटींमध्ये तीन वर्षांपर्यंत. खोट्या बिलांचा किंवा खोट्या वह्यांचा भाग नसेल तर दोन कोटींच्या आत फौजदारी गुन्हाच होत नाही, शास्ती होते. आणि नोटिशीच्या आधी कर नि व्याज भरले तर ती शास्ती कराच्या पंधरा टक्के. याच्या शेजारी चोरीची शिडी उभी करून पाहा. पेढीतल्या नोकराने गल्ल्यातून सहा हजार काढले तर सात वर्षांपर्यंत कैद. त्याच पेढीच्या मालकाने बिलाशिवाय विक्री करून दीड कोटीचा कर बुडवला, वह्यांत खाडाखोड न करता, तर एक दिवसही नाही. नोकराला प्रत्यक्षात सात वर्षे कोणी देत नाही हे खरे, पण तो अटक होतो, कोठडीत जातो आणि त्याची नोकरी त्याच दिवशी जाते. अटकेचा अधिकार जीएसटीतही आहे, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये राधिका अगरवाल प्रकरणात तो कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना बजावले की अटकेची कारणे लेखी हवीत, आणि अटकेच्या धाकाने कर वसूल करता येणार नाही.

खोट्या बिलाचे मात्र वेगळे आहे. समजा, दहा लाखांच्या सुताचे बिल आले, त्यावर पाच टक्क्यांनी पन्नास हजार कर दाखवला. सूत आलेच नाही. बिल देणारी पेढी एखाद्या खोलीच्या भाडेकरारावर नोंदलेली, ई-वे बिलातला गाडी क्रमांक कधी कधी दुचाकीचा निघतो. घेणारा ते पन्नास हजार आपल्या देण्यातून वजा करतो किंवा परतावा म्हणून मागतो. इथे सरकारने न मिळालेला पैसा मिळाल्याचे धरून दिलेला असतो, म्हणजे तिजोरीतून बाहेर पडलेला असतो. ही करचुकवेगिरी चोरीच्या फार जवळ आली. कायद्यालाही ते जाणवले असावे, कारण २०२३ मध्ये गुन्ह्याची किमान रक्कम एक कोटीवरून दोन कोटींवर नेताना खोट्या बिलांसाठी ती एक कोटीच ठेवली.

चोरीची व्याख्या मोडायला सगळ्यात आधी वीज आली. ती जंगम वस्तू नाही, तिला कोणी हलवीत नाही, वापरली की संपते. तारेवर आकडा टाकणारा चोरच, हे कोणालाही कळते; पण कायद्याला त्यासाठी कल्पित करावे लागले. अवतार सिंग प्रकरणात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वीजचोरी ही दंडसंहितेची चोरी नव्हे, १९१० च्या वीज कायद्याने मानलेली चोरी. २००३ च्या कायद्याचे कलम १३५ ही चोरी सविस्तर सांगते, पण शिक्षा करासारखी करते: दहा किलोवॉटच्या आत पहिल्या गुन्ह्याला फायद्याच्या किमान तिप्पट दंड, आणि दर किलोवॉटमागे ठरलेल्या रकमेत तडजोड, उद्योगाला वीस हजार, शेतीला दोन हजार. तडजोड आयुष्यात एकदाच. नाव चोरीचे, वागणूक थकबाकीदाराची. मला ही जोडणी वाईट वाटत नाही. एकदा संधी, दुसऱ्यांदा नाही, हा नियम अभय योजनेपेक्षा शहाणा आहे.

जिथे सवलतीला काहीच आधार उरत नाही ती जागा वेगळी आहे. मजुराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला आणि भरला नाही. ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस कापला आणि वापरला. गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेतला आणि ठेवून दिला. यांत मोजणीचा वाद नाही, देणे स्वतःचे नाही. पैसा दुसऱ्याचा, हातात फक्त ठेवायला दिलेला. कायद्याने हे ओळखले आहे. १९७३ मध्ये विश्वासघाताच्या कलमाला स्पष्टीकरण जोडले गेले की कापलेली निधीची रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपवलेली मानावी, आणि ते नव्या संहितेतही आहे. टीडीएस न भरण्याला प्राप्तिकर कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. यंत्रमाग कामगारांचा निधी हा सोलापुरात वर्षानुवर्षे गाजत असलेला विषय. मोर्चे निघतात, मालक म्हणतात कामगार आमचे नव्हेतच, ते कंत्राटावर. कोण कामगार आणि कोण नाही याचा निवाडा व्हायचा तेव्हा होवो. पण एकदा पगारातून कापले की पुढचा प्रश्न फौजदारी आहे, आणि तो तडजोडीने मिटू नये. गल्ल्यातून सहा हजार काढणाऱ्या नोकरापेक्षा हा मालक कायद्याच्या नजरेत हलका असण्याचे कारण मला सापडलेले नाही.

राहिली वाळू. भीमा आणि सीना यांच्या पात्रातली वाळू महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारची. लिलावात ठेका घ्यायचा, ब्रासप्रमाणे स्वामित्वधन भरायचे, वाहतुकीचा पास घ्यायचा, ही सरळ वाट. २०२३ मध्ये सरकारने डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरवले होते, ते फार दिवस टिकले नाही. दुसरी वाट रात्रीची: सक्शन बोट, पोकलेन, टिपर. महसूल खात्याची पथके बोटी जाळतात, कधी जिलेटिन लावून उडवतात, आणि त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. माढा तालुक्यातल्या कुर्डू गावी २०२५ मध्ये वाळूऐवजी मुरूम होता; तिथल्या कारवाईच्या वेळी उपमुख्यमंत्री आणि करमाळ्याच्या पोलीस उपअधीक्षक यांच्यात फोनवर जे बोलणे झाले ते राज्यभर ऐकले गेले, म्हणून निदान महाराष्ट्राला कळले की मुरूम काढायलाही परवाना लागतो.

प्रश्न असा की बिनपासाची वाळू काढणारा काय करतो? स्वामित्वधन बुडवतो म्हणून करबुडवा, की सरकारची वाळू नेतो म्हणून चोर? तहसीलदाराच्या नोटिशीत तो बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतच्या दंडाचा आणि थकबाकीचा विषय असतो. खनिज कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे खटल्याला अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार लागते. २०१४ मध्ये दिल्ली सरकार विरुद्ध संजय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: दोन्ही. नदीच्या पात्रातून वाळू उपसली की ती जमिनीपासून सुटी झाली, जंगम झाली, आणि सरकारच्या ताब्यातून संमतीवाचून हलली. तोडलेल्या झाडाचाच न्याय. खनिज कायद्याखालचा गुन्हा वेगळा आणि चोरी वेगळी.

२५ जुलै २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने यात आणखी भर घातली. १९८९ च्या इंडिया सिमेंट निकालापासून स्वामित्वधन हा कर मानला जात होता. पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो कर नाही, खाणपट्ट्याच्या कराराचा मोबदला आहे असे ठरवले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचे मत विरुद्ध होते. खटला राज्यांच्या कर लावण्याच्या अधिकाराचा होता, चोरीचा नव्हे. पण भीमेच्या काठावर त्याचा अर्थ सरळ लागतो. स्वामित्वधन करच नसेल तर ‘मी फक्त कर चुकवला’ हे म्हणण्याची सोय उरत नाही. उरते ती दुकानातून पैसे न देता नेलेल्या मालासारखी वाळू. आणि नव्या संहितेत सरकारी मालमत्तेच्या चोरीला सात वर्षे आहेत, पाच कोटींच्या वरच्या जीएसटीपेक्षा दोन जास्त.

डिसेंबर २०२० च्या जयंत विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने दंड भरून सुटण्याचा प्रश्नही निकाली काढला आहे. नियमाप्रमाणे तडजोडीची रक्कम भरली तर खनिज कायद्याखालचा गुन्हा मिटतो, चोरीचा खटला मात्र मिटत नाही, तो चालूच राहतो. एका रात्रीच्या एका टिपरसाठी दोन फायली उघडतात. तहसीलमधल्या फायलीत बहुधा वाहनमालकाचे नाव असते, कारण दंड भरून गाडी त्यालाच सोडवून न्यायची असते. पोलीस ठाण्यातल्या फायलीत पहिले नाव चालकाचे, कारण गाडीत सापडतो तो. मालकाची फाईल चलन जोडून बंद होते. चालक पुढची काही वर्षे न्यायालयाच्या तारखांना जातो, त्या दिवसाची मजुरी बुडवून.